दचकलेलं पाणमांजर, बिनकाळजीचं घुबड

काचेच्या कपाटातून दोन पाय बाहेर आले होते. माणसाचे. एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात राखाडी, आणि बुटांची जोडी कपाटाखाली अगदी शहाण्यासारखी लावून ठेवलेली.

मी किंचाळले. किंचाळायला नको होतं, मान्य. पण सोमवारी आमचं संग्रहालय बंद असतं. दालनात चिटपाखरू नसतं, म्हणजे पेंढा भरलेली पाखरं सोडून. अशा वेळी पाणमांजराच्या शेजारी कोणीतरी आडवं पडलेलं दिसलं, तर माणसानं काय आरती ओवाळायची?

"शू... हळू," कपाटातून आवाज आला. "ते आधीच दचकलेलं आहे."

"कोण?"

"पाणमांजर."

मग ते पाय सरकत सरकत मागे आले, पाठोपाठ एक मळका एप्रन आला आणि शेवटी मास्क लावलेलं तोंड. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. हातमोजे घातलेल्या हातात टूथब्रश. मला बघून तो घाईनं उभा राहायला गेला आणि कपाटाच्या चौकटीवर त्याचं डोकं दाणकन आपटलं.

"लागलं?"

"नाही," तो डोकं चोळत म्हणाला. "म्हणजे... हो. बरंच."

मला हसूच आलं. लागल्यावर 'लागलं' म्हणणारा पुरुष मी पहिल्यांदाच बघत होते. आणि पुरुषांचं कशाला, मी स्वतः जिन्यावरून गडगडत खाली आले तरी 'काही नाही, काही नाही' म्हणत कपडे झटकून उठणारी मुलगी होते.

"तुम्ही पाट्या लिहिणाऱ्या ना?" त्यानं मास्क खाली ओढला. हनुवटीवर धुळीची रेघ होती. "मॅडम म्हणाल्या, आमची पाटीबाई येईल, तिला घाबरू नका."

"आणि मला कोणीच सांगितलं नाही की कपाटात माणूस असेल."

"मी जुनी जनावरं दुरुस्त करतो. यांच्यात आता पेंढा नसतो, पण लोक पेंढेवालाच म्हणतात." त्यानं टेबलावरची हातमोज्यांची दुसरी जोडी माझ्यापुढे धरली. "जरा शेपूट धरता? पण आधी हे घाला. जुन्या काळी कातड्याला विष चोळायचे, किडे लागू नयेत म्हणून."

ओळख होऊन दोन मिनिटं झाली नाहीत तोच एका अनोळखी माणसासाठी मी पाणमांजराची शेपूट धरून उभी होते. तो टूथब्रशनं तिची लव विंचरत होता, इतक्या हळू की मला उगाचच माझी वेणी आठवली... जाऊ दे.

*

मी तिथून हलणार कुठे म्हणा! त्या आठवड्यात अवेळी पावसानं नुसती पिरपिर लावली होती, माझ्या खोलीचं छत गळायला लागलं होतं आणि मॅडमनी माझं टेबल उचलून थेट दालनात ठेवलं होतं. त्या कपाटापासून चार हातांवर. मॅडम म्हणजे आमच्या संग्रहालयाच्या प्रमुख. त्यांच्या डोक्यात एखादी गोष्ट आली की ती झालीच पाहिजे. या खेपेला त्यांच्या डोक्यात आलं होतं की शाळेच्या मुलांसाठी एक कोपरा करायचा. एक रानटी सस्तन प्राणी, एक पक्षी, आणि दोघांची तुलना. कुठल्या वर्गातला, कुठल्या कुळातला, आणि आज जगात त्याची अवस्था काय. पाणमांजर आणि गव्हाणी घुबड वर्षानुवर्षं एकाच कपाटात राहत होती, म्हणून निवड त्यांची झाली. जनावरं त्यानं नीट करायची, मजकूर मी लिहायचा.

"वाचून दाखवा ना," तो खाली बसल्या बसल्या म्हणायचा. "हात कामात आहेत, कान रिकामे आहेत."

"सृष्टी – प्राणी. दोघांची एकच. संघ – पाठीला कणा असणारे. तोही एकच."

"वा. म्हणजे दोघं बरोबर चाललेत."

"दोनच पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर फाटा फुटतो. हा सस्तन, तो पक्षी. याला केस, त्याला पिसं. हा पिल्लांना दूध पाजतो, तो अंडी उबवतो."

"इतक्यात ताटातूट?" त्यानं ब्रश थांबवला. "जरा आणखी चालू द्यायचं होतं त्यांना."

"मी नाही हो तोडलं. त्यांचं त्यांनीच, कोट्यवधी वर्षांपूर्वी."

"आणि नावात मांजर आहे तर हे मांजराच्या कुळातलं असेल."

"मुळीच नाही! ते वेगळ्याच कुळातलं, बॅजर आणि मार्टेन नावाच्या रानटी प्राण्यांच्या. गण मांसाहारी, तिथपर्यंत मांजर त्याच्याबरोबर येतं, पुढे नाही." मी तावातावानं सांगायला लागले आणि मग बघितलं, तो गालात हसत होता. त्याला ठाऊक होतं. पठ्ठ्या मला बोलतं करत होता.

त्याची बाजू पाणमांजराची, माझी घुबडाची. असं आम्ही कधी ठरवलं नव्हतं, आपोआपच झालं. तो म्हणायचा, पाणमांजर पाण्यात बुडी मारतं तरी त्याच्या कातडीला पाणी शिवत नाही, दाट लवेत हवा धरून ठेवतं. मी म्हणायचे, घुबड उडतं तेव्हा उंदराला पत्ता लागत नाही, पिसांच्या कडाच तशा मऊ असतात. तो म्हणायचा, तुमच्या घुबडाचं तोंड बघा, जणू कुणी उधार मागायला आलंय. मी म्हणायचे, आणि तुमचं पाणमांजर, जणू उधार देऊन बसलंय.

खरं तर ते पाणमांजर माझंच होतं. पण हे त्याला एवढ्यात सांगायचं नव्हतं.

एका दुपारी त्यानं बारकी टॉर्च लावून दोघांच्या तोंडावर उजेड टाकला, आणि टाकला तो हसायलाच लागला. "अहो, इकडे या. हे बघा... डोळे."

"काय झालं डोळ्यांना?"

"बदललेत! पाणमांजराचे डोळे असे टपोरे नसतात, चांगले बारीक असतात. आणि घुबडाला इतके मिणमिणते? मागे कधीतरी एकाच माणसानं दोघांचं काम एकाच वेळी घेतलं असणार. दोन वाट्या, दोन्हींत काळे काचेचे डोळे. चहा प्यायला उठला असेल आणि येऊन चुकीची वाटी उचलली असेल. आमच्या धंद्यात होतं असं. आमच्याच धंद्यात होऊ शकतं." तो टॉर्च इकडून तिकडे फिरवत राहिला. "म्हणून हे दचकलेलं आणि ते संशयी. इतकी वर्षं दोघं एकमेकांच्या डोळ्यांनी बघतायत."

मी पुढे होऊन पाणमांजराचे ते टपोरे डोळे बघितले. "मग आता?" मी विचारलं.

"आता काय, ज्याचे त्याला परत. शेवटी करू. डोळे नेहमी शेवटी."

*

मला खरं अडलं ते अवस्थेवर. पाणमांजराचं सोपं होतं. नद्या घाण झाल्या, कातडीसाठी शिकार झाली, म्हणून ते 'धोक्याच्या उंबरठ्यावर'. गव्हाणी घुबड मात्र जगभर पसरलेलं, संख्येनं भरपूर. त्याच्यापुढे लिहायचं, 'काळजीचं कारण नाही'. तीन साधे शब्द. ते मी लिहायचे आणि खोडायचे.

"काय खुपतंय त्यात?" त्यानं विचारलं.

"मुलं वाचतील आणि पुढे जातील. काळजी नाही ना, मग बघायचं कशाला? सगळी गर्दी पाणमांजरापुढे."

"पण चांगलंच आहे की घुबडाचं."

"चांगलं आहे हे ठाऊक कसं झालं? कोणीतरी रात्री-अपरात्री कोठारांतून, पडक्या घरांतून फिरून घुबडं मोजली. दर काही वर्षांनी परत मोजतात. म्हणून म्हणता येतं. नाहीतर तो वेगळाच खण आहे, 'मूल्यमापन झालेलं नाही'. त्यातले प्राणी मजेत असतील नाहीतर संपत आले असतील, कोणाला पत्ता नाही. कोणी बघितलेलंच नसतं." माझा आवाज चढला होता. का, ते मलाही कळलं नव्हतं.

तो टूथब्रश हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याला असं बघायची सवय होती. आधी बघायचा, मग बराच वेळ काही करायचा नाही. जनावरांशीही तसंच वागायचा.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"अगं, ऐक. ताईला डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितलीय. बाळ होईपर्यंत आणि नंतरही काही महिने तिच्याकडे कोणीतरी हवं. माझ्या गुडघ्यांनी मला जिने चढवत नाहीत. तर तू जा. मी तुझ्या भावजींना सांगूनसुद्धा टाकलं, पुढच्या महिन्यापासून ती येईल म्हणून."

"आई, माझी नोकरी..."

"परत मिळेल गं. तू काय, कुठेही उभी राहशील. तुझी मला मेलीची कधी काळजीच नाही. ताईचं तसं नाही."

"बरं," मी म्हणाले.

फोन ठेवला. समोर तो होता, त्यानं सगळं ऐकलं होतं, निदान माझ्या बाजूचं.

"नोकरी सोडताय?"

"हो. ताईकडे जायचंय. ती पहिल्यापासून नाजूक आहे. लहानपणी दमा, मग परीक्षेची भीती, मग आणखी काही. मी धडधाकट. आमच्या घरातलं घुबड समजा." मी हसले.

तो हसला नाही. "तुम्हाला जायचंय?"

"मला काय, मला कुठेही चालतं."

"ते नाही विचारलं मी," तो म्हणाला, आणि परत पाणमांजराच्या पंजाकडे वळला.

संध्याकाळी निघाले तेव्हा पाऊस वाढला होता. दाराशी त्यानं स्वतःची छत्री माझ्या हातात कोंबली आणि म्हणाला, "पोचलात की फोन करा."

"अहो, दोन गल्ल्या पलीकडे बस मिळते मला."

"तरी करा."

मी मान हलवली, घरी आले, केस पुसले, चहा केला. फोन करायचा राहून गेला. खरं सांगते, मला ते खरं वाटलंच नव्हतं. लोक 'या हं घरी' म्हणतात ना, तसं काहीतरी असेल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्वारी घुश्शात. गुड मॉर्निंग नाही, काही नाही.

"काय झालं?"

"काही नाही. फोन हातात धरून बसलो होतो, एवढंच. मग बसथांब्यापर्यंत जाऊन आलो. तिथल्या पानवाल्याला विचारलं, अशी अशी निळ्या ओढणीवाली कोणी घसरून पडली का. तो म्हणाला, तुम्हीच भिजून आजारी पडाल, घरी जा." त्यानं जोरात शिंक दिली. "छत्री तुमच्याकडे होती ना."

मी हसले. खूप हसले. मग 'आले हं' म्हणून बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. आजवर मी पोचले की नाही, याची कोणी वाट बघितली नव्हती. माझ्यावर प्रेम नव्हतं असं नाही, प्रेम होतंच. पण मी पोचणारच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आणि हा भला माणूस एक निळा मोजा आणि एक राखाडी मोजा भिजवत पानवाल्याला विचारत फिरत होता. त्याच क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले, बाथरूममध्ये, नाक पुसता पुसता. दुसऱ्यांना चांदण्यात होतं म्हणे.

*

मग डोळ्यांचा दिवस आला. कोपऱ्याचं उद्घाटन तोंडावर आलं होतं. त्यानंतर तो दुसऱ्या गावी जाणार होता, तिथल्या संग्रहालयात समुद्रपक्ष्यांचं मोठं काम त्याची वाट बघत होतं. आणि मी ताईकडे. दोघांपैकी कोणीच त्यावर बोलत नव्हतं. तो चिमट्यांची रांग लावत होता, मी तीच ओळ परत परत वाचत होते.

"आता काढतो," तो पाणमांजरावर वाकला.

"थांबा!"

तो थांबला.

"नका काढू. म्हणजे... काढायलाच हवेत, मला कळतं. खोटे डोळे ठेवून खरी पाटी लावण्यात काय अर्थ. पण थोडं थांबा."

"काय झालं?"

आणि मग मी त्याला सांगितलं. मी पहिलीत होते तेव्हाची गोष्ट. सगळे मिळून हे संग्रहालय बघायला आलो होतो. हरणांच्या दालनात ताईला धाप लागली, आई-बाबांनी तिला उचललं आणि रिक्षा करून दवाखान्यात नेलं. मी इथेच राहिले. मुद्दाम नाही हो, गडबडीत. मी या कपाटापुढे उभी राहिले. कारण इथल्या सगळ्या प्राण्यांत हे एकटंच होतं ज्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती. डोळे विस्फारून बघत होतं, जणू म्हणत होतं, अगं बाई, ही पोर एकटीच कशी? मी त्याला म्हटलं, काही नाही, मला काही झालेलं नाही. मग बाबा धावत आले. घरी गेल्यावर आई शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगत होती, रडलीसुद्धा नाही हो पोर, हिची मला काळजीच नाही.

"तेव्हापासून कोणाला नाही," मी म्हणाले आणि हसले. मला प्रत्येक वेळी हसायचीच खोड.

तो चिमटा खाली ठेवून जमिनीवर बसला. "मग तुम्ही घुबडासारख्या नाहीच," तो हळूच म्हणाला. "घुबडाला कोणीतरी जाऊन मोजलेलं असतं. तुम्ही त्या शेवटच्या खणातल्या. तुमच्याकडे कोणी बघितलंच नाहीये."

आता यात चिडण्यासारखं काय होतं? पण मी चिडले. अशी चिडले की बस. "मी काय तुमच्या कपाटातलं जनावर आहे? चार दिवस ओळख झाली नाही तर माझ्या आईला नावं ठेवायला लागलात? तिनं एका आजारी मुलीला वाढवलंय, तुम्हाला काय ठाऊक!"

"मी आईंना काही..."

"काढा ते डोळे आणि लावा ज्याचे त्याला. तुमचं काम आहे ते!"

मी तरातरा निघून गेले. त्या संध्याकाळी त्यानं दाराशी 'फोन करा' म्हटलं नाही. मी थांबले होते दाराशी. बरीच रेंगाळले. तो टॉर्च लावून खाली मान घालून काम करत राहिला.

घरी आल्यावर मी डोळे कोरडे ठेवून पोळी भाजली, ती करपली. माणसानं खरं बोललेलं इतकं का झोंबतं? तो आईला काहीच बोलला नव्हता. कोणी बघितलं नाही, असं तो म्हणाला होता. पण मी तरी बघू कुठे दिलं? जिन्यावरून पडायचे, 'काही नाही' म्हणून उठायचे. पुढच्या महिन्यात सगळं सोडून जायचं, 'बरं' म्हणायचे. कोणाला कळणार कसं, मोजायला आलेल्या माणसाला मीच दारातून परत पाठवत होते.

मी आईला फोन लावला. ती त्या दिवशी कसेबसे जिने चढून ताईकडे गेली होती. फोन करपलेल्या पोळीवर पडता पडता राहिला.

"आई, मी ताईकडे राहायला येणार नाही."

"अगं, पण तुला काय अडचण आहे?"

"अडचण काही नाही. मला यायचं नाहीये. मला माझं काम हवंय. सुटीच्या दिवशी येईन, भाजी-किराणा बघेन, रात्रीसाठी बाई ठेवू. पण नोकरी नाही सोडणार. आणि... मला वाटायचं, तू एकदा तरी विचारावंस."

"काय विचारावं?" आईचा आवाज बारीक झाला होता.

"काहीही. जेवलीस का, पोचलीस का. काहीही."

आई रडायला लागली. मीही. मग मागून ताईचा आवाज आला. तिनं फोन ओढून घेतला.

"बरं झालं बोललीस, बये! मी किती दिवस सांगतेय यांना, तिला आणू नका. आधीच सगळे माझ्याकडे असे टक लावून बघत असतात की मला श्वास घ्यायची चोरी. आता तूही येऊन बसली असतीस उशाशी." मग ती जरा थांबली. "तुला ठाऊक आहे, मला तुझा किती हेवा वाटायचा? तुला एकटीला गच्चीवर जाऊ द्यायचे."

"आणि मला तुझ्या दम्याचा," मी म्हणाले, आणि रडता रडता दोघी हसलो.

*

उद्घाटनाच्या दिवशी मुलांनी नुसता धुडगूस घातला. पाणमांजर आता बारीक, शांत डोळ्यांनी नदीकडे बघावं तसं बघत होतं. माझ्याकडे बघत नव्हतं. मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. घुबड मात्र काय देखणं दिसत होतं! एवढे मोठे काळेभोर डोळे, सगळ्या दालनावर नजर ठेवून असल्यासारखे. त्याच्यापुढे मुलांची रांग लागली होती. एक चिमुरडी बोट लावत मोठ्यानं माझी पाटी वाचत होती –

"काळजीचं कारण नाही. हे असंच म्हणता येत नाही. कोणीतरी जाऊन बघावं लागतं, मोजावं लागतं, आणि काही वर्षांनी परत जाऊन बघावं लागतं. तुम्हीही बघा."

मागे कोणीतरी उभं होतं. वळून बघायची गरज नव्हती, सर्दी अजून गेलेली नव्हती त्याची.

"छान लिहिलंय," तो म्हणाला.

"छान लावलेत डोळे," मी म्हणाले.

"मी त्या दिवशी बोललो ते..."

"खरं बोललात. चिडले ते खरं होतं म्हणूनच."

मॅडमचं भाषण सुरू झालं. आम्ही मागच्या खोलीत गेलो. त्याची हत्यारांची पेटी बांधून तयार होती, पट्टे आवळलेले. आता नाही बोललं तर ही पेटी उचलली जाईल, बस सुटेल, आणि मी 'बरं' म्हणून हात हलवत उभी राहीन.

"मी ताईकडे जात नाहीये," मी म्हणाले.

"हो?" त्याचा चेहरा एकदम उजळला, मग त्यानं तो घाईघाईनं आवरला. "चांगलं झालं. म्हणजे... तुमच्यासाठी."

"माझं बोलणं संपलेलं नाही. मला सवय नाहीये, मध्ये बोललात तर राहून जाईल." मी श्वास घेतला. "मला तू हवा आहेस. समुद्रपक्षी दुरुस्त कर, जे करायचं ते कर, पण परत ये. मॅडमच्या हरणाच्या मानेला कसर लागलीय, ते तूच करावंस असं मी त्यांना सांगितलंय. खोटं नाही, खरंच लागलीय. पण लागली नसती तरी मी सांगितलं असतं."

तो नुसता बघत राहिला. आधी बघायचं, मग बराच वेळ काही करायचं नाही, ही त्याची मेली सवय!

"अरे, काहीतरी बोल ना!"

"तू आत्ता मला 'तू' म्हणालीस," तो म्हणाला. "मी तेच ऐकतोय अजून."

मग त्यानं हात पुढे केला. आज हातमोजे नव्हते. त्याच्या बोटांना डिंकाचा आणि लाकडाचा वास होता, आणि तळवा चांगलाच गरम होता.

"ताप आहे तुला," मी म्हणाले.

"थोडा... म्हणजे बराच." तो हसला. "पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं मला. तू शेपूट धरून उभी होतीस ना, तेव्हापासून. पण तुला कोणी काही विचारलं की तू 'मला काय, कुठेही चालतं' म्हणतेस. मला भीती वाटायची, तू मलाही 'बरं' म्हणशील. मला तुझं 'बरं' नको होतं."

"मग काय हवं होतं?"

"हेच. आत्ता ओरडलीस ते."

बसथांब्यावर मी त्याच्या गळ्यात माझा मफलर गुंडाळला, त्याची छत्री त्याच्या काखेत दिली आणि पानवाल्यासमोर, तो कान देऊन ऐकतोय हे माहीत असूनही, मोठ्यानं म्हणाले, "पोचलास की फोन कर."

बस गेली. घरी येऊन मी वाटच बघत बसले. वाट बघणं इतकं अवघड असतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. चहा केला, प्यायले नाही. फोन चार्जिंगला लावला, काढला, परत लावला. आणि एकदाचा तो वाजला.

"पोचलास?"

"नाही अजून, अर्ध्यावर आहे. बस चहाला थांबलीय." मागे कपबशांचा आवाज येत होता. "पण म्हटलं, वाट बघत असशील. काळजी करत होतीस?"

"नाही," तोंडातून निघून गेलंच. मग मी जीभ चावली. "म्हणजे... हो. बरीच."

तो हसल्याचं मला ऐकू आलं. तेवढ्यात मध्येच दुसरा फोन वाजायला लागला.

"थांब, आईचा येतोय."

"घे, घे. मी पोचलो की परत करतो."

मी आईचा फोन उचलला. तिला काय म्हणायचं होतं ते तिला पटकन जमेना. आधी ताईचा रक्तदाब सांगितला, मग भावजींनी रात्रीसाठी बाई शोधली ते सांगितलं, मग नुसतीच घुटमळली.

"अगं..." ती शेवटी म्हणाली. "ते... घरी पोचलीस का तू?"

घरी येऊन मला कितीतरी वेळ झाला होता. चहा निवून त्यावर साय धरली होती.

"हो आई," मी म्हणाले. "आत्ताच पोचले."